लेकरांनी मोजलेले गावाला ऐकू द्या

प्रति,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे शिक्षणाधिकारी,
तसेच तालुका आणि जिल्हा विज्ञान प्रदर्शनांचे परीक्षक

विषय : विज्ञान प्रदर्शनाची तारीख, गुणपत्रकातला एक रकाना आणि ग्रामसभेतला अर्धा तास

सप्रेम नमस्कार.

मी बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका प्रशालेत २२ वर्षांपासून विज्ञान शिकवते. शाळेचे आणि गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे ज्या लेकरांबद्दल लिहिणार आहे ती अजून त्याच गावात राहतात.

चार वर्षांपूर्वी आमच्या सातवीत एक मुलगा नव्याने आला. वडिलांचे काम बदलले म्हणून घरच सगळे इकडे आले होते. हुशार होता, पण हसताना तोंडावर हात धरायचा. त्याच्या दातांवर पिवळे-तपकिरी आडवे पट्टे होते. आठवड्याभरात वर्गाने त्याचे नाव ‘पिवळ्या’ पाडले. ‘दात घासतो का रे?’ हा प्रश्न त्याला रोज कुणीतरी विचारायचे आणि तो रोज ‘घासतो’ म्हणायचा. मी मुलांना रागावले. परिपाठाला चांगल्या वागण्याची गोष्ट सांगितली. दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग मी फ्लोराइड शिकवायला घेतले. ग्रामपंचायतीत पाणी तपासायची पेटी आली होती, जलजीवन मिशनवाली, ती मागून आणली. त्या मुलाला म्हटले, दिवाळीत जुन्या गावी जाशील तेव्हा तुम्ही प्यायचात त्या बोअरचे पाणी बाटलीत भरून आण. त्याने आणले. वर्गात दोन परीक्षानळ्या ठेवल्या, एकीत आमच्या गावचे पाणी, दुसरीत त्याचे. थेंब टाकले, रंग आला, रंगपट्टीशी जुळवला. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड एका लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर फार फार १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याच्या नळीचा रंग दीडच्याही पलीकडे गेला होता. ज्या मुलीने आकडा मोठ्याने वाचला ती वाचून गप्प झाली.

मग मी सांगितले की दातांवरचे कवच हिरडीच्या आत तयार होत असते तेव्हाच, म्हणजे अगदी लहान वयात, हे फ्लोराइड त्यात बसते. दात बाहेर येतात तेच पट्टे घेऊन. ते घासून जात नाहीत. एक मुलगा म्हणाला, मॅडम, पाणी उकळून प्यायचं होतं ना. मी सांगितले, उकळल्याने पाण्याची वाफ होते, फ्लोराइड भांड्यातच राहते, उलट दाट होते. खोल बोअरचे पाणी खडकातून हे उचलून आणते. नांदेड जिल्ह्यात किनवटकडे अशी गावे आहेत, बीडमध्येही आहेत. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची रीत नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने शोधली, तिचे नावच तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्यावरून पडले.

‘पिवळ्या’ हे नाव ज्याने पाडले होते तो मागच्या बाकावर बसायचा. तास संपता संपता त्याने विचारले, ‘मॅडम, म्हणजे आपण तिथं जन्मलो असतो तर आपलेबी दात असेच?’

मी हो म्हटले. त्यानंतर ते नाव मी वर्गात ऐकलेले नाही.

साहेब, बाई, ह्या एका तासाने मला जे शिकवले ते बी.एड.ला कुणी शिकवले नव्हते. माझ्या बोधकथेने जे झाले नाही ते एका परीक्षानळीने केले. कारण सापडले, आणि त्या पोरावरचा दोष गळून पडला. दोष गेल्यावर समोर राहिला तो आपल्यासारखाच एक मुलगा.

आपल्या संविधानाच्या कलम ५१ क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आहेत, १९७६ साली घातलेली. त्यातले विज्ञाननिष्ठ दृष्टिकोनाचे कर्तव्य सगळ्यांना पाठ असते, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या भाषणात ते येतेच. पण त्याच ओळीत, त्याच पोटकलमात, मानवतावाद आणि सुधारणेची वृत्तीही लिहिलेली आहे. घटनेत ती एका वाक्यात आहेत. आपण शाळेत ती वेगळी केली. विज्ञान प्रयोगशाळेत गेले, माणुसकी परिपाठात राहिली, आणि सुधारणा गावाबाहेरच्या कुणीतरी येऊन करायची असे ठरले.

मला ही फारकत पहिल्यांदा जाणवली ती शिक्षिका झाल्यावर नव्हे, विद्यार्थिनी असताना. ३० सप्टेंबर १९९३ ला मी नववीत होते. गणपती विसर्जन करून गावे नुकतीच झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आम्ही तिथून बरेच लांब, तरी आमच्या मांडणीवरची भांडी वाजली. पुढचे कितीतरी दिवस माणसे एकच बोलत होती, की तिथे काहीतरी पाप झाले असेल, देवाचा कोप झाला. जी माणसे ढिगाऱ्याखालून निघाली त्यांच्याबद्दल हे बोलले जात होते. शाळा सुरू झाल्यावर आमच्या विज्ञानाच्या सरांनी एका पाटावर चिखलात दगड बसवून भिंत उभी केली, वर मातीचा जाड थर दिला, माळवदासारखा, आणि पाट आडवा हलवला. भिंतीचे दोन पापुद्रे दोन बाजूंना सुटले आणि सगळी माती आत बसली. सर म्हणाले, आत झोपलेल्या माणसाचं यात काय चुकलं सांगा. माळवद उन्हाळ्यात घर थंड ठेवते म्हणून आपण ते पिढ्यान्‌पिढ्या बांधले. भिंतीत दोन्ही पापुद्र्यांना धरून ठेवणारे आरपार दगड नव्हते, म्हणून ती हलल्यावर फाटली. त्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली, काही नोंदींत त्याहूनही जास्त. सरांचा तो पाट मला अजून दिसतो. गेलेल्या माणसांच्या माथ्यावरचे पाप त्यांनी दहा मिनिटांत उतरवले होते.

त्याच १९९३ साली देशात राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली. १० ते १७ वर्षांच्या मुलांनी आपल्या परिसरातला खरा प्रश्न घ्यावा, गटाने अभ्यासावा, माणसांशी बोलावे, ही तिची रीत. म्हणजे मी मागते आहे ते काही नवे नाही. पण तालुक्याच्या प्रदर्शनात आजही टेबलावर काय असते ते आपण पाहताच. इंजेक्शनच्या नळ्यांचा जेसीबी, थर्माकोलची स्मार्ट सिटी, लेझरची चोरघंटा. ते करणाऱ्या लेकरांना मी नावे ठेवत नाही, त्यांनी रात्री जागून डिंक लावलेला असतो. माझे म्हणणे परीक्षकांशी आहे. आपण टेबलापुढे तीन-चार मिनिटे थांबता. तेवढ्या वेळात जे चालते, फिरते, दिवा लावते, त्याचे कौतुक होते. आमच्या एका गटाने एकदा अकरा बाटल्या आणि एक हाताने काढलेला नकाशा ठेवला होता. परीक्षक म्हणाले, ‘यात मॉडेल कुठंय?’

त्या अकरा बाटल्यांची हकिगत सांगते, जरा लांबेल.

आमच्या गावाला नळाचे पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येते, उन्हाळ्यात आठव्या. पावसाळ्यात दरवर्षी गावाच्या खालच्या टोकाच्या वस्तीत जुलाब-उलट्या सुरू होतात. आठवीच्या वर्गाने ठरवले की गावातल्या अकरा ठिकाणचे पाणी तपासायचे. नळ, हापसा, जुना आड, शाळेची टाकी, सगळे. एचटूएसच्या बाटल्या आणल्या. या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावायचे आणि उबेला ठेवायचे. पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर दिवस-दोन दिवसांत पाणी काळे पडते. मुलांनी बाटल्या गोधडीत गुंडाळून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तीन काळ्या होत्या. तिन्ही खालच्या वस्तीच्या.

वर्ग खवळला. गावात पाण्यात जंतू मारणारी टीसीएल पावडर टाकायचे काम ज्या जलसुरक्षकाकडे आहे त्याचे नाव सगळ्यांच्या तोंडी आले. ‘तो टाकतच नाही, मॅडम, नुसता सह्या करतो.’ त्याची मुलगी त्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर बसलेली. तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

मी फक्त एवढेच विचारले, बाटल्या भरताना हात कुणी कुणी धुतले होते? चार हात वर झाले, सातांचे नाही. मग पुन्हा करायचे ठरले. या वेळी प्रत्येक ठिकाणच्या दोन-दोन बाटल्या, आणि उकळून गार केलेल्या पाण्याची एक बाटली वेगळी, ती काळी पडली तर आपलेच काहीतरी चुकले असे समजायचे. दुसऱ्या खेपेला तीनपैकी दोनच ठिकाणे काळी निघाली. तिसरे ठिकाण आमच्याच हातांनी काळे केले होते. ज्या मुलाने ते पाणी भरले होते त्याने उभे राहून सांगितले, माझ्यामुळं झालं. कुणी हसले नाही.

मग क्लोरीन पाहिले. क्लोरीन असेल तर पिवळा रंग देणाऱ्या ओटी या रसायनाचे थेंब मी स्वतः टाकते, ते द्रावण लेकरांच्या हाती देत नाही. टाकीजवळच्या नळाला फिकट पिवळा रंग आला, टोकाच्या नळाला काहीच नाही. म्हणजे पावडर टाकली जात होती, पण पुरत नव्हती. का? त्या मुलीनेच वडिलांना विचारून आम्हाला पावडरचे पोते दाखवायला नेले. जुन्या खोलीत, ओल आलेल्या भिंतीला टेकून, तोंड उघडे. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिला ओल, ऊन, उकाडा काही चालत नाही, त्यातला क्लोरीन उडून जातो. मुलांनी दोन बादल्या घेतल्या, एकीत एक चमचा जुनी पावडर, दुसरीत एक चमचा नव्या सीलबंद पिशवीतली. रंगातला फरक लांबूनही दिसत होता. तो माणूस सांगितल्याप्रमाणे मोजून पावडर टाकत होता, पावडरच मेलेली होती. पोते ठेवायला त्याला कुणी झाकणाचा डबा दिलेला नव्हता.

आणि तिसरे कारण जमिनीत होते. खालच्या वस्तीकडे जाणारा पाइप गटाराशेजारून जातो, तिथला एक जोड गळत होता. पाणी चालू असते तेव्हा गळती बाहेर होते, एवढे सगळ्यांना ठाऊक होते. पाणी बंद झाल्यावर पाइप रिकामा होतो, आतला दाब उतरतो आणि तोच जोड गटारातले पाणी आत ओढतो, हे आठवीच्या मुलांनी स्ट्रॉ आणि रंगीत पाण्याने करून दाखवले. चार दिवस बंद राहणाऱ्या नळात हे दर वेळी होते. रोज पाणी येणाऱ्या शहरातल्या पुस्तकात हा धडा सापडायचा नाही, तो आमच्या मराठवाड्याचा धडा आहे.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत लेकरांनी हे मांडले. तक्ता वाचला त्या जलसुरक्षकाच्या मुलीने. एक बुजुर्ग म्हणाले, आता लेकरं आपल्याला शिकवणार का. तिने त्यांच्याकडे पाहून पुढची ओळ वाचली. तिचे वडील मागे भिंतीला टेकून उभे होते. सभा संपल्यावर त्याच खालच्या वस्तीतल्या दोन बायका त्यांच्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, भाऊ, आम्ही तुम्हाला लई बोललो.

झाकणाचा डबा आठवड्यात आला. पाइपचा जोड बदलायला सात आठवडे लागले. एक ठिकाण अजूनही अधूनमधून काळे पडते, त्याचे कारण आम्हाला सापडलेले नाही; यंदाचा आठवीचा वर्ग त्यामागे लागला आहे. तालुक्याच्या प्रदर्शनात या कामाला उत्तेजनार्थही मिळाले नाही. मुलांना वाईट वाटले, मला जास्त वाटले. पण माझी मोठी तक्रार ती नाही.

माझी तक्रार तारखेबद्दल आहे. प्रदर्शने बहुतेक वर्षी डिसेंबर-जानेवारीत होतात. आमच्या भागात दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी येते. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी ठरलेली असते, बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढते. काही लेकरे हंगामी वसतिगृहाच्या आधारावर गावात आजी-आजोबांपाशी राहतात, बाकीची फडावर जातात, कोपीत, म्हणजे फडाजवळच्या खोपटात राहतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात. पाडव्याच्या सुमारास परत येतात. म्हणजे प्रदर्शनाचा मंडप तालुक्याला लागतो तेव्हा माझ्या वर्गातली जवळजवळ निम्मी लेकरे पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या सरीत असतात. ज्या मुलाने ‘माझ्यामुळं झालं’ म्हटले होते तो प्रदर्शनाच्या दिवशी तिथेच होता. बाटल्या त्याने भरल्या, बक्षीस न मिळाल्याचे दुःखसुद्धा त्याच्या वाट्याला आले नाही.

ज्या घरांना पाण्याचे, आजाराचे, अंधाराचे प्रश्न सगळ्यांत जास्त भिडतात त्याच घरांतली लेकरे आपण तारखेने वगळतो. कुणी हे ठरवून केलेले नाही, वेळापत्रक वरून येते हे मला माहीत आहे. पण निदान ऊसतोडीच्या तालुक्यांत तालुकास्तरीय प्रदर्शन पोळा ते दसरा या दिवसांत घेता येईल. पावसाळा तेव्हा सरत आलेला असतो, आणि पाणी, साप, डास, पीक यांचे सगळे प्रश्न डोळ्यांपुढे ताजे असतात.

सापाचे नाव निघाले म्हणून आणखी एक सांगते. हे सांगू की नको असा विचार मी बरेच दिवस केला.

नववीच्या वर्गात मी सर्पदंशावर बोलत होते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही चार नावे फळ्यावर होती. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष या चौघांवर चालते. मण्यारीबद्दल सांगताना म्हटले की ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दातांची खूण नीट दिसत नाही, सूज-आग फारशी नसते. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, आणि घरच्यांना वाटते की काहीतरी बाहेरचे आहे. एक मुलगा उभा राहिला. त्याची आजी दोन वर्षांपूर्वी अशीच गेली होती. पहाटे तिला देवऋषीकडे नेले होते. तो म्हणाला, ‘मॅडम, मग दवाखान्यात नेलं असतं तर आजी वाचली असती?’

वर्गात पन्नास लेकरे होती आणि मला उत्तर सुचत नव्हते. खोटे बोलायचे नव्हते. शेवटी म्हणाले, वाचलीच असती असं मी सांगू शकत नाही, वाचायची शक्यता खूप वाढली असती. आणि तुझ्या घरच्यांनी जे केलं ते तिला वाचवायलाच केलं होतं. तो खाली बसला. त्या दिवशी मला कळले की कारण सांगणे हेसुद्धा हळुवारपणे करायचे काम आहे. कारण सांगताना समोर कोण बसले आहे ते आधी पाहावे लागते.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. शेतात राबणारी, जमिनीवर झोपणारी माणसे, आमचीच. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचार घेण्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणे हा त्यात गुन्हा आहे. मी वर्गात कायदा वाचून दाखवला. काही मुले म्हणाली, देवऋषीवर तक्रार करू. तेव्हा तोच मुलगा, ज्याची आजी गेली होती, म्हणाला की नको, आपण त्यांना भेटू. आणि तो खरोखर गेला, दोन मित्रांना घेऊन. त्या म्हाताऱ्या माणसाला म्हणाला, ‘बाबा, तुम्ही मंत्र म्हणा, पण गाडीत बसून म्हणा. गाडी दवाखान्याकडं चालू द्या.’

मला हे सुचले नसते. गेल्या वर्षी सोयाबीन काढणीच्या दिवसांत एका बाईला साप चावला, तेव्हा १०८ ला फोन लावायला त्या बाबांनीच सांगितले. जखमेला काप दिला नाही, वर दोरी आवळली नाही, पाय हलू दिला नाही. बाई घरी परत आली. वर्गातल्या मुलांनी एक तक्ता करून प्रत्येक वस्तीत लावला आहे: प्रतिविष कुठल्या सरकारी दवाखान्यात असते, तो किती लांब, रात्री गाडी कुणाकडे मिळेल. बाजेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, हेही त्यात आहे. त्यात मॉडेल कुठेच नाही.

असेच आणखी कितीतरी आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. आईकडून नेहमी एक्स गुणसूत्रच येते, एक्स की वाय, म्हणजे मुलगी की मुलगा, ते बापाकडून ठरते, हे पुस्तकात आहे. ते शिकवल्यावर एका मुलाने घरी जाऊन आजीला सांगितले की मला तीन बहिणी झाल्या त्यात आईचं काही नाही. त्याची आई पालकसभेला आली तेव्हा हे मला तिने सांगितले, आणि बोलता बोलता रडली. मी याबद्दल जास्त लिहीत नाही, ते तिचे आहे.

लातूर पॅटर्नचा मला अभिमान आहे. आमच्या मराठवाड्याच्या मागास म्हणवल्या जाणाऱ्या घरांतून त्याने डॉक्टर आणि इंजिनिअर घडवले, माझी भाचीही त्याच वाटेने गेली. पण ज्या विज्ञानाने गुण मिळतात त्याच विज्ञानाने शेजाऱ्याच्या घरातले पाणी कळते, हे लेकरांना बारावीच्या आधी कळायला हवे. डॉक्टर झाल्यावर ते नव्याने शिकवता येत नाही.

आता मागणे. तारखेचे मी वर सांगितले. दुसरे गुणपत्रकाचे. समाजोपयोगिता असा रकाना असतो, पण तिथे ‘हे उपकरण शेतकऱ्यांना उपयोगी पडेल’ एवढे म्हटले की गुण मिळतात. त्याऐवजी परीक्षकांनी लेकरांना दोन प्रश्न विचारावेत: हे तुम्ही कुणाच्या घरी जाऊन पाहिले, आणि जे सापडले ते कुणाला सांगितले? पुढे काही झाले नाही तरी चालेल. पहिल्यांदा चुकून दुसऱ्यांदा मोजलेले असेल तर त्याला जास्त गुण द्या.

तिसरे ग्रामसभेचे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभा होतात. यातल्या एका सभेत अर्धा तास शाळेला मिळावा, लेकरांनी त्यांचे निष्कर्ष वाचावेत आणि ते ठरावाच्या वहीत नोंदले जावेत. गटविकास अधिकाऱ्यांशी बोलून आपण हे करू शकता.

चौथे मागणे लिहिताना मला जड जाते. आमच्या बाटल्या काळ्या निघाल्या तेव्हा कुणीतरी मुख्याध्यापकांना फोन करून सांगितले, की शाळेने शाळेपुरते पाहावे. ते भले माणूस, त्यांनी आम्हाला अडवले नाही, पण त्यांच्या बदलीचे वर्ष होते आणि ते कितीतरी रात्री झोपले नाहीत. असे फोन दुसऱ्या शाळांनाही जातात. आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरे होईल: विद्यार्थ्यांच्या तपासणीत दोष आढळला तर तो ग्रामपंचायतीला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवणे हे शाळेचे काम आहे, त्यासाठी कुणाला जाब विचारला जाणार नाही. एवढा एक कागद हाती असेल तर मराठवाड्यातले कितीतरी विज्ञान शिक्षक उद्या सकाळी बाटल्या भरायला निघतील. ते थांबले आहेत ते आळसाने नाही.

पैशाचे फार नाही. अटल टिंकरिंग लॅबला २० लाखांपर्यंत अनुदान असते, ज्या शाळांना ती मिळाली त्यांचे भले होवो. आम्हाला वर्षाला दोन-तीन डझन एचटूएस बाटल्या, क्लोरीन तपासायची पेटी आणि मुदत न संपलेली फ्लोराइडची रसायने मिळाली तरी तीन वर्ग वर्षभर कामाला लागतील.

तो पिवळ्या पट्ट्यांचा मुलगा यंदा अकरावीला गेला. सुट्टीत आला होता तेव्हा शाळेतली पेटी मागून घेऊन गेला. त्याच्या जुन्या गावातल्या अंगणवाडीच्या लेकरांना अजून त्याच बोअरचे पाणी जाते, ते त्याला पुन्हा मोजायचे आहे. आकडे आले की तिथल्या सरपंचांना पत्र लिहायचे म्हणतो, पत्राचा मसुदा मला दाखवायला आणणार आहे.

आमच्या तालुक्याचे प्रदर्शन यंदा पोळ्यानंतर घ्यायचे ठरले तर मंडपाचा खर्च नको, गावातले सभागृह मिळेल, जेवणाचे पालकांनी कबूल केले आहे. मुकादमाच्या गाड्या येण्याआधीची कुठलीही तारीख चालेल. ती तेवढी कळवावी.

आपली,
बालाघाटातली एक विज्ञान शिक्षिका